सहा करडांची गवाही

"आधी वास घ्या, मग बोला."

पहिल्याच भेटीत आजींनी मला हे सुनावलं आणि माझा उजवा हात मनगटाला धरून सरळ नाकापाशी नेला. मी पशुधन पर्यवेक्षक. खांद्याला औषधांची बॅग, बगलेत रजिस्टर, नोकरी नवी आणि अंगात जरा साहेबी. आणि सत्तरीची ही बाई भर अंगणात, चार माणसांदेखत, माझा हात हुंगत होती. मी हात ओढून घेणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "कुनाच्या तरी तोंड आलेल्या शेरडाला हात लावून आलाव. आधी हात धुवा, मग माझ्या शेरडांकडं बघा."

खोटं कसं बोलणार? बेंबळीच्या अलीकडं एका गोठ्यात तशीच शेळी बघून मी आलो होतो. मी मुकाट्यानं रांजणापाशी गेलो आणि साबण शोधायला लागलो, तर आजींनी चुलीतली राख पुढं केली.

"साबन नगं. साबनानं मानसाचा वास जातो. वास गेला की शेरडू मानसाला वळखत न्हाय."

तुम्ही अशी माणसं पाहिली असतील. कुणी वस्तू हातात घेऊन वजन करतं, कुणी जिभेवर ठेवून बघतं. आजी हुंगायच्या. भाकरी, नवी दोरी, तुरीचं भुसकट, माझ्या औषधाच्या बाटल्या, सगळं. एकदा निवडणुकीचे लोक त्यांच्या हातात एक रंगीत कागद देऊन गेले. आजींनी तो उलटसुलट हुंगला आणि माझ्याकडं दिला. म्हणाल्या, "निस्ता शाईचा वास हाय ह्याला." डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, लांबचं धूसर दिसायचं. पण नाक असं, की त्यांच्यापुढं उभं राहताना मला उगाच आपण कालचाच शर्ट घातलाय याची आठवण यायची.

वस्ती बेंबळीच्या पुढं, डांबरी सोडून आत. पत्र्याचं घर, लिंबाच्या झाडाखाली काट्यांचं कुंपण घातलेला वाडा आणि त्यात पंधरा-वीस शेळ्या. सगळ्या काळ्या कुळकुळीत, अस्सल उस्मानाबादी. जिल्ह्याचं नाव बदललं, आमच्या खात्याच्या पाट्या बदलल्या, शेळीचं नाव मात्र तेच राहिलं. आजींना दोन्ही नावांशी कर्तव्य नव्हतं. "काळी हाय न्हवं? मग बास."

त्या शेळ्यांतल्या चार मात्र वेगळ्या होत्या. दिसायला नव्हे हो, दिसायला सगळ्या एकसारख्याच. आजींच्या लग्नात त्यांच्या आईनं पाठवणीला एक पाठ दिली होती, म्हणजे अजून न व्यालेली तरणी शेळी. तिची लेक, लेकीची लेक असं करत आलेल्या या चार. दुष्काळात बाकीचं सगळं विकलं, पण ही ओळ आजींनी तुटू दिली नाही. आई जाऊन पन्नास वर्षं झाली होती आणि माहेरचं घरही पडलं होतं. आजी त्या चौघींच्या पाठीवरून हात फिरवत म्हणायच्या, "माझं माहेर हे. दोन वक्त दूध देतंय."

आजींना एक सून होती, मंगल. मुलगा पुण्याकडं कंपनीत, त्यामुळं घरात या दोघीच. मंगल धाराशिवची, वडील नोकरदार. तिला बघायला गेल्या तेव्हा आजींनी पोह्यांची बशी बाजूला ठेवून आधी पोरीचा हात हुंगला होता म्हणे. मग मुलाकडं वळून म्हणाल्या, "शेरडाचा वास न्हाय, पन भाकरीचा हाय. चालंल."

सासू-सुनेचं भांडण एकाच गोष्टीवरून, साबणावरून. मंगल बाजारातून दर आठवड्याला वासाची एक वडी आणायची आणि उंच कोनाड्यात ठेवायची. आजी तिला धारेला बसू द्यायच्या नाहीत. "तुजा वास रोज न्यारा. शेरडानं रोज नवी बाई वळखायची का?" मंगल तोंड फुगवून भांडी घासायला जायची. मला चहा देताना हळूच म्हणायची, "बघा की भाऊ, लेंड्या काढायला मी चालते, धार काढायला चालत न्हाय."

एका वर्षी कानात बिल्ले मारायचा हुकूम आला. पिवळा प्लास्टिकचा बिल्ला, त्यावर भला मोठा आकडा. मी चिमटा घेऊन गेलो. आजी प्रत्येक शेळीचं डोकं मांडीवर धरून बसल्या आणि चिमटा दाबला की कानावर फुंकर घालायच्या.

"हे कशापायी?"

"आजी, शेळी हरवली तर आकड्यावरून सापडेल."

"हरवलं तर शेरडू घरी येतं, डाक्टर. मानूस हरवतं."

मी डॉक्टर नाही हे मी चारदा सांगितलं होतं. पाचव्यांदा सांगायचं सोडून दिलं.

पुढच्या महिन्यात पडताळणीला गेलो. एका शेळीचा आकडा वाचून म्हणालो, "ही तीन वर्षांची, दोनदा व्यालेली." आजी पाठमोऱ्या बसून पाला खुडत होत्या. वळल्यासुद्धा नाहीत. "ती ही न्हाय. ती हिची भन. तुमी आदलाबदल केलीया." मी हसण्यावारी नेलं. घरी जाऊन रजिस्टर कच्च्या टिपणाशी ताडून बघतो तर खरंच दोघींचे आकडे उलटे लिहिलेले. उद्या दुरुस्त करू म्हणून ठेवून दिलं. सरकारी उद्या म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

त्यांची संध्याकाळ एकदा तरी बघायला हवी होती तुम्ही. दिवसभर शेळ्या रानात आणि करडं घरी, डालग्याखाली. डालगं म्हणजे बांबूचं मोठं टोपलं, पालथं घालून ठेवलेलं. सूर्य कलला की शेळ्या परतायच्या आणि एकच कालवा उठायचा. आजी एकेक करडू बाहेर काढायच्या, त्याची टाळू हुंगायच्या आणि जिभेनं लांब "हुर्रर्र ये गं" करून बरोबर त्याच्याच आईला हाक मारायच्या. कधी चुकल्या नाहीत. मी विचारलं, "आजी, करडं काय, भूक लागली की कुठल्याही शेळीला लागतील." त्या म्हणाल्या, "करडू लागंल की. त्याला काय, प्वाट हाय. पन शेरडू लागू देत न्हाय. शेपटीखाली हुंगती आन् दुसऱ्याचं असलं तर टक्कर देती. आईला फसवता येत न्हाय."

मी मान डोलावली आणि विसरून गेलो.

हिवाळ्याचे दिवस होते. एका सकाळी मंगलचा फोन आला. रात्रीतून कुंपण कापून चार शेळ्या नेल्या होत्या. नेमक्या त्याच चार, कारण दुभत्या म्हणून त्या अंगणाकडं वेगळ्या बांधलेल्या. करडं आत डालग्याखाली होती म्हणून वाचली. सहा करडं. पाच त्या चौघींची, सहावं पोरकं, आई वितानाच मेलेली.

मी गेलो तेव्हा आजी उंबऱ्यात बसल्या होत्या. मांडीवर करडू आणि दुधात भिजवलेला कापसाचा बोळा. बाकीच्या शेळ्या आटलेल्या, म्हणून शेजारून मागून आणलेलं दूध. करडं दोन घोट घ्यायची आणि तोंड फिरवायची.

"आई गेली तवा म्या रडले न्हवते, डाक्टर," त्या म्हणाल्या. "चार शेरडं हायती, म्हनलं. आता म्या कुनाकडं बघू?"

बिल्ले आहेत, सापडतील, असं काहीतरी बोललो. माझं मलाच ते पोकळ वाटलं.

तिसऱ्या दिवशी हायवेवरच्या एका गावचा बाजार होता. आजी पहाटेच्या एसटीनं एकट्याच गेल्या. बाजारात शेकडो काळ्या शेळ्या. त्या दाव्यांच्या मधून नुसत्या चालत राहिल्या, मधेमधे "हुर्रर्र" करत. एका टेम्पोमागून उत्तर आलं. आजींनी चारही दावी दोन्ही हातांत गुंडाळली आणि तिथंच खाली बसल्या. व्यापारी ओरडला, गर्दी जमली, पण दावी काही सुटली नाहीत. शेवटी शेळ्या, व्यापारी आणि आजी अशी सगळी वरात जवळच्या पोलीस ठाण्यात गेली. मला फोन आला, रजिस्टर घेऊन या.

मी पोचलो. शेळ्यांचे कान बघितले. चौघींचेही कान फाटलेले, बिल्ले उपटून काढलेले. व्यापारी म्हणाला, "बाभळीत अडकून फाटले असतील. मी तर रस्त्यावर एका माणसाकडनं रीतसर घेतल्यात." जमादारांनी माझं रजिस्टर उघडलं आणि मोठ्यानं वाचलं, "रंग काळा. रंग काळा. रंग काळा. रंग काळा." मग चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "ओळखखूण?"

मी म्हणालो, "लिहिलेली नाही, साहेब." आणि मग, कशी बुद्धी झाली कोण जाणे, तेही सांगून टाकलं, की दोघींचे आकडेसुद्धा मी उलटे लिहिलेत. शिपाई फिसकन हसला. माझे कान तापले. शेळ्यांचे फाटले होते, माझे नुसते तापले, एवढाच फरक.

आजी मात्र निवांत. पदर सावरून म्हणाल्या, "सायेब, कागूद ऱ्हाऊ द्या. माझी गवाही घरी डालग्याखाली हाय. आनवा."

त्यांनी सगळं समजावून सांगितलं. करडं आणायची. आधी मी सांगते ते लिहून घ्यायचं, कोणतं करडू कोणत्या शेळीचं. मग सोडायची. "आन् पोरकं करडू ह्या आखूड शेपटीच्या शेरडाचं. तिला म्या मीठ चाटवून चाटवून ते लावलंय. ती आधी त्याला ढुशी दील, मग डावा पाय आपटंल, आन् मग पिऊ दील. हे बी लिवा." जमादार शेतकऱ्याचा मुलगा असावा. त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि खरंच लिहून घेतलं. व्यापाऱ्यानंही हात झटकून कबूल केलं. "होऊन जाऊ दे."

मी मंगलला फोन लावला. शेजाऱ्याच्या छोट्या टेम्पोतून करडं घेऊन लगेच ये, ठाण्यात हजर करायचीत.

दीड तासानं टेम्पो आला. मंगल उतरली, जरीकाठाची साडी नेसून. मागचं फळकूट पाडलं आणि आतून मोगऱ्याचा भपकारा आला. सहाही करडं चकाचक. केस विंचरलेले, कपाळावर कुंकू.

आजींचा चेहरा मी पहिल्यांदाच पडलेला बघितला. "काय केलंस गं?"

"ठाण्यात जायचं म्हनून आंघोळी घातल्या," मंगल म्हणाली. "गरम पाण्यानं, साबन लावून. एवढ्या मोठ्या मानसांपुढं घाण अंगानं कशी आणावी?"

आता हसू येतं, तेव्हा आलं नव्हतं. जमादारांनी आजींना विचारून करडांच्या गळ्यात चिठ्ठ्या बांधल्या आणि ती सोडली. करडं धावत सुटली. शेळ्यांनी माना वळवल्या, हुंगलं आणि टकरा मारल्या. एकीनं मारली, दुसरीनं मारली, एक करडू तर लांब जाऊन कोलमडलं. व्यापारी मांडीवर थाप मारून हसला. "झालं का समाधान, आजी? आता सोडा दावी."

काय झालं ते मंगलला तेव्हा कळलं. ती भिंतीशी बसून हुंदके द्यायला लागली. मला वाटलं, आता आजी तिला फाडून खातील. माझी आजी असती तर खाल्लंच असतं. या उठल्या, तिच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "उगी. वास मेला न्हाय, लपलाय. यील." मग जमादारांकडं वळल्या. "सायेब, दिस कलंस्तवर थांबा."

शिपायाला दया आली. तो म्हणाला, "आजी, आमच्याकडं करतात तसं करा की. शेळीचंच दूध करडाच्या अंगाला चोळा. लगेच घेते."

"तसं केल्यावर तुज्या घरची शेळी बी घील, लेकरा. मग ती गवाही कशाची?"

व्यापाऱ्याचं हसू तिथं जरा कमी झालं. मी बघत होतो ना.

मग जे चाललं त्याला काय म्हणावं! पोलीस ठाण्याच्या आवारात, भर उन्हात, करडं सुटी सोडली. आजींनी अंगणातली माती उकरून भुसभुशीत केली. करडं त्यात लोळली, मुतली, एकमेकांवर चढली, परत लोळली. मंगलनं डोळे पुसले आणि तीही माती उकरायला लागली, जरीकाठाच्या साडीत. तक्रार द्यायला येणारे लोक आपली तक्रार विसरून बघत उभे राहिले. व्यापारी दोनदा म्हणाला, मला पुढच्या बाजाराला जायचंय. जमादार म्हणाले, "बसा. साक्षीदार तयार होतायत." आजींनी दुपारी काही खाल्लं नाही. अधूनमधून एखादं करडू उचलायच्या, टाळू हुंगायच्या आणि मान हलवून परत सोडायच्या. अजून न्हाय.

चार वाजून गेले. सावल्या कुंपणाला टेकल्या. आजींनी करडू उचललं, हुंगलं. डोळे मिटले. परत हुंगलं.

"सोडा," म्हणाल्या.

त्यांनी जिभेनं ती हाक दिली, "हुर्रर्र ये गं!" रोजच्या वेळेची, रोजच्या आवाजातली. चारही शेळ्या एकदम ओरडल्या आणि दाव्याला हिसके द्यायला लागल्या. करडं उधळली. पहिलं करडू एका शेळीखाली घुसलं. तिनं शेपटीखाली हुंगलं, परत हुंगलं, आणि घशातल्या घशात असा आवाज काढला की मी तो आजही विसरलो नाही. पिऊ दिलं तिनं. मग दुसरी. मग तिसरी, जुळ्यांची आई. दोन बाजूंना दोन शेपट्या हलायला लागल्या. चौथी, आखूड शेपटीची, आपल्या करडाला पाजत होती. तेवढ्यात पोरकं करडू तिच्याकडं गेलं.

लोक पुढं सरकले. जमादारांच्या हातात कागद.

शेळीनं मान वळवली आणि ढुशी दिली. करडू मागं सरलं, परत गेलं. तिनं डावा पाय आपटला. मग मान पुढं केली आणि उभी राहिली, मुकाट.

"आयला!" जमादार म्हणाले. पोलिसाच्या तोंडून कौतुक याच शब्दात निघतं. त्यांनी कागद आणि चिठ्ठ्या ताडून बघितल्या. सहाच्या सहा बरोबर. लोकांनी टाळ्या पिटल्या. शिपाई तर शिट्टीच वाजवत होता. व्यापारी उठला, टोपी काढली आणि आजींपुढं वाकला. "मी इमानानं घेतल्या होत्या, आजी. पण तुमच्याच हायत. न्या."

आजींनी त्याच्याही डोक्यावर हात ठेवला. आणि वाकून हुंगलं बरं का. "घाबरल्याचा वास हाय. लबाडीचा न्हाय," म्हणाल्या. आम्ही सगळे हसलो. तो सगळ्यात जास्त. पुढच्याच वर्षी हाच व्यापारी त्यांच्या दारात उभा होता, माहेरच्या ओळीतला एक बोकड द्या म्हणून.

परतताना टेम्पोत शेळ्या, करडं, दोघी सासू-सुना आणि मी, मोटारसायकल मागं बांधून. आजी मला म्हणाल्या, "डाक्टर, तू खरं बोललास, आकडा चुकला म्हनून. म्हनून त्या सायबानं माझं बी खरं मानलं." तोवर मी त्यांना 'तुमी' होतो. त्या दिवसापासून 'तू' झालो. खात्यातल्या कुठल्याही बढतीनं मला एवढं बरं वाटलं नाही.

गावानं मंगलला 'साबणवाली' नाव ठेवायचा प्रयत्न केला. आजींनी पारावरच सुनावलं, "माझी करडं जल्मात एकदा न्हाली, आन् जिकून आली. तुमी रोज न्हाता, कधी जिकलाव?" नाव तिथंच मेलं. धारेला मात्र मंगलला त्यांनी त्यानंतरही बसवलं नाही. म्हणायच्या, "शिक आधी." आणि टाळू हुंगायला करडू तिच्याकडं द्यायच्या.

माझी बदली धाराशिवला झाली. आजी गेल्याचं मला उशिरा कळलं. झोपेतच गेल्या, शेळ्या परतल्यावर, सगळी करडं पाजून झाल्यावर. मी गेलो तेव्हा महिना उलटून गेला होता. वाटेत मनात एकच, आता त्या ओळीचं काय झालं असेल?

वाड्यात शिरलो आणि थबकलो. लिंबाखाली आजींचं रोजचं हिरवं लुगडं नेसून कुणीतरी धारेला बसलेलं. पाठमोरं. आखूड शेपटीच्या शेळीची नात पदर हुंगत शांत उभी होती. बाजूच्या डालग्याखाली करडांचा कालवा, मोजली तर नऊ.

मंगलनं मान वळवली. "या भाऊ. त्या गेल्यावर दोन दिस एकीनं बी पान्हा सोडला न्हाय बघा. करडं उपाशी. पाव्हणे म्हनायले, गेलेल्या मानसाचं लुगडं ठेवू नये, देऊन टाक. म्या न्हाय दिलं. म्या नेसले आन् बसले. सगळ्या आल्या, हुंगलं, उभ्या ऱ्हायल्या."

कोनाड्याकडं माझी नजर गेली. तिथं साबणाच्या वडीऐवजी राखेची वाटी होती.

लुगड्याला मातीचे, दुधाचे डाग पडले होते. मी सहज म्हणालो, "मळलंय गं फार."

"मळू द्या," मंगल म्हणाली आणि परत धारेकडं वळली. "एकदा साबन लावला तेवढा बास झाला."